साहेब शिकतात कसे? डिजिटल बदल आणि नेतृत्वाचा अभ्यास

पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, "डिजिटल बदल घडवून आणणारी वरिष्ठ माणसं ते काम शिकतात कशी, यावर." त्यावर बहुतेक वेळा उत्तर येतं, "अच्छा, म्हणजे साहेबांना कॉम्प्युटर शिकवायचा!" माझ्या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज या एका वाक्यात आहे, म्हणून आजचा लेख त्यावरच.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी एक पतसंस्था आहे. पाच शाखा, तीस वर्षांचा कारभार. सगळा हिशोब रोजकीर्द, खतावणी आणि पिग्मी एजंटांची पावतीपुस्तकं यांवर चाललेला. संचालक मंडळ ठरवतं, की आता सगळं सॉफ्टवेअरवर न्यायचं. व्यवस्थापक, त्यांना आपण भाऊसाहेब म्हणू, दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन येतात. खातं कसं उघडायचं, व्हाउचर कसं टाकायचं, दिवसअखेर कशी करायची, सगळं शिकतात. प्रमाणपत्रही मिळतं.

सहा महिन्यांनी शाखेत जा. कारकून दिवसभर वहीत लिहितात आणि संध्याकाळी तेच मशीनमध्ये भरतात. काम दुप्पट झालंय. तेरीज जुळली नाही की वही खरी की मशीन, यावर वाद. पिग्मी एजंट म्हणतात, "आमचं पावतीपुस्तकच बरं होतं." आणि मासिक सभेत भाऊसाहेब सांगतात, "संगणकीकरण शंभर टक्के पूर्ण."

भाऊसाहेबांना कॉम्प्युटर येतो. मग घोडं अडलं कुठे?

दोन जातींचे प्रश्न

हार्वर्डमध्ये नेतृत्व शिकवणारे रोनाल्ड हायफेट्झ यांनी 1994 सालच्या आपल्या पुस्तकात एक फरक सांगितला आहे. काही प्रश्न तांत्रिक असतात. त्यांचं उत्तर कुणाला तरी आधीच माहीत असतं. प्रिंटर चालत नाही, माणूस बोलवा, दुरुस्त करा. दुसऱ्या जातीच्या प्रश्नांना तयार उत्तर नसतं. ज्यांचा प्रश्न आहे त्यांनाच आपल्या सवयी, कामाची वाटणी, मानपान यांत बदल करावा लागतो. मी त्यांना जुळवून घेण्याचे प्रश्न म्हणते.

हायफेट्झ यांचं म्हणणं असं, की दुसऱ्या जातीच्या प्रश्नाला पहिल्या जातीचं उत्तर देणं ही नेत्यांची नेहमीची चूक. पतसंस्थेत नेमकं हेच झालं. सॉफ्टवेअर बसवणं तांत्रिक होतं, ते झालं. पण सॉफ्टवेअरमुळे पूर्वी फक्त हेडक्लार्कला कळणारी गोष्ट सगळ्यांना दिसू लागली. हेडक्लार्कचं वजन कमी झालं. एजंटाने रक्कम घेतली की त्याच क्षणी नोंद होऊ लागली, त्यामुळे संध्याकाळपर्यंतची मोकळीक गेली. या गोष्टी कुणी प्रशिक्षणात शिकवल्या नव्हत्या आणि शिकवताही आल्या नसत्या, कारण त्या त्या शाखेतच घडणार होत्या.

अनुभवाचं 70-20-10

मग वरिष्ठ माणसं शिकतात तरी कुठे? यावरचा एक गाजलेला अभ्यास 1980च्या दशकात अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेत झाला. मॉर्गन मॅकॉल, मायकेल लोम्बार्डो आणि अ‍ॅन मॉरिसन यांनी मोठ्या कंपन्यांतल्या यशस्वी अधिकाऱ्यांना विचारलं, की तुम्हाला घडवणारे प्रसंग कोणते? उत्तरांत वर्गातले धडे फार थोडे निघाले. अवघड जबाबदारी, बरे-वाईट वरिष्ठ आणि पचवलेलं अपयश, याच गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. 1988 साली त्याचं पुस्तक झालं.

यातूनच पुढे 70-20-10 हे सूत्र आलं: शिकणं सत्तर टक्के कामातून, वीस टक्के माणसांकडून, दहा टक्के वर्गातून. तुमच्या कंपनीतल्या एचआरच्या स्लाइडवर हे नक्की असेल. पण इथे जरा जपून. हे आकडे लोकांनी स्वतःच्या आठवणीतून सांगितलेल्या गोष्टींवरून आले आहेत. तेही यशस्वी झालेल्यांच्या. मोजमाप करून काढलेला हा नियम नव्हे. त्यातून एवढंच घ्यावं, की काम हीच मोठी शाळा आहे.

पण त्या शाळेत नुसतं बसून कुणी शिकत नाही. वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाकडे वीस वर्षांचा अनुभव असू शकतो, किंवा एकाच वर्षाचा अनुभव वीसदा घेतलेला असू शकतो. फरक कशाने पडतो? याचं मला आवडलेलं उत्तर ऑपरेशन थिएटरमधून आलंय.

सोळा रुग्णालयं, एकच यंत्रणा

एमी एडमंडसन, रिचर्ड बोमर आणि गॅरी पिसानो या हार्वर्डच्या तीन संशोधकांनी अमेरिकेतल्या 16 रुग्णालयांच्या हृदयशस्त्रक्रिया विभागांचा अभ्यास केला. तो 2001 साली प्रसिद्ध झाला. या सगळ्या ठिकाणी हृदयशस्त्रक्रियेचं एक नवं तंत्र येत होतं. नेहमीच्या पद्धतीत छातीचं हाड कापून हृदय समोर उघडं करतात. नव्या पद्धतीत बरगड्यांमधून छोटा छेद घ्यायचा. रोग्याला त्रास कमी, बरं व्हायला वेळ कमी.

आता गंमत बघा. जुन्या पद्धतीत सर्जनला हृदय डोळ्यांनी दिसायचं, हाताला लागायचं. थिएटरमधला राजा तोच. तो मागेल ते नर्स द्यायची, बाकीचे आपापलं काम बघायचे. नव्या पद्धतीत रक्तवाहिनी बाहेरून चिमट्याने बंद करण्याऐवजी आत सोडलेल्या छोट्या फुग्याने बंद करायची. तो फुगा जागेवर आहे की सरकला, हे सर्जनला दिसत नाही. भूलतज्ज्ञाला सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसतं, दुसऱ्या कुणाला दाबाच्या आकड्यांवरून कळतं. म्हणजे सर्जनला आता इतरांचं ऐकावं लागणार आणि इतरांनी न विचारता तोंड उघडायला हवं. वर्षानुवर्षं गप्प राहण्याची सवय झालेल्या माणसांनी!

सगळी रुग्णालयं नावाजलेली, सर्जन हुशार. तरी काही ठिकाणी नवं तंत्र रुजलं, काही ठिकाणी दोन-चार ऑपरेशनं होऊन बारगळलं. तुम्हाला काय वाटतं, फरक कशाने पडला असेल? सर्जनचा अनुभव? त्याचं विभागातलं वजन? वरच्या व्यवस्थापनाचा पाठिंबा? संशोधकांना यांपैकी कशातूनच नीट उलगडा झाला नाही.

फरक होता प्रमुख सर्जनने हे काम सगळ्यांसमोर काय म्हणून मांडलं, यात. जिथे जमलं, तिथे सर्जनने माणसं विचारपूर्वक निवडली आणि सांगितलं, की हे नवं यंत्र नाही, ही एकत्र काम करण्याची नवी रीत आहे आणि मला तुमची गरज लागणार आहे. जिथे फसलं, तिथे त्याला वाटत होतं, की आपल्याला येतंच, फक्त अवजार बदललंय.

यशस्वी गटांच्या वाटचालीत संशोधकांना चार पायऱ्या दिसल्या. आधी माणसं जोडणं. मग रोगी टेबलावर येण्याआधी सराव, आणि त्यातच कोण कुणाला काय सांगणार हे ठरवणं. मग प्रत्यक्ष प्रयोग. आणि शेवटी मागे वळून बघणं: काय झालं, पुढच्या वेळी काय बदलू? या सगळ्यात खालच्या माणसाला चूक दाखवताना भीती वाटली नाही पाहिजे. एडमंडसन याला मानसिक सुरक्षितता म्हणतात. "साहेब, फुगा सरकलाय" हे वाक्य नर्सच्या तोंडून वेळेवर निघतं की नाही, यावर रोग्याचा जीव अवलंबून असतो.

आता परत पतसंस्थेत या. तिथे "फुगा सरकलाय" म्हणणारा कोण? काउंटरवरची कारकून मुलगी. एका खात्याचं व्याज चुकीचं येतंय, हे तिला पहिल्यांदा दिसतं. ती भाऊसाहेबांना सांगते का? आणि सांगितल्यावर काय होतं?

ज्याचा हिशोब होत नाही, ते कुणी करत नाही

एक जुना पण अजून ताजा वाटणारा अभ्यास वांडा ऑर्लिकॉव्स्की यांचा, 1992चा. एका मोठ्या सल्लागार कंपनीने लोटस नोट्स हे सॉफ्टवेअर घेतलं. हेतू असा, की एका कार्यालयातलं ज्ञान दुसऱ्या कार्यालयाला मिळावं. कंपनीचे माहिती-तंत्रज्ञान प्रमुख त्यावर इतके खूश होते, की त्यांनी ते झपाट्याने सगळीकडे बसवलं.

लोकांनी ते वापरलं, पण ज्याचा त्याने. कारणं साधी होती. एक, हे सॉफ्टवेअर कशासाठी आहे हे बहुतेकांना कुणी समजावलंच नव्हतं. दोन, तिथे प्रत्येक तासाचा हिशोब कुठल्या तरी ग्राहकाच्या नावे मांडावा लागे आणि नवं सॉफ्टवेअर शिकण्याचे तास कुणाच्याच नावे मांडता येत नव्हते. तीन, बढती ही सहकाऱ्यांशी स्पर्धा करून मिळायची. ज्या माहितीमुळे मी पुढे जाणार, ती मी सगळ्यांना वाटू कशाला? जे भागीदार वर पोहोचले होते, ज्यांना आता अशी स्पर्धा करायची नव्हती, त्यांना मात्र नोट्स आवडलं.

यातून नेत्याने काय शिकायचं? आपण दिलेलं यंत्र आणि आपण ठेवलेली बक्षिसं एकमेकांच्या विरुद्ध असतील, तर बक्षिसं जिंकतात. भाऊसाहेबांच्या कारकुनांना सॉफ्टवेअर शिकायला वेळ कधी मिळाला? काउंटर बंद झाल्यावर, घरी जायच्या वेळेत. मग ते वहीला का चिकटणार नाहीत?

शिकायला नकार दिला तर

हे सगळं व्यवस्थापनाच्या वर्गातलं वाटत असेल, तर ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसची गोष्ट ऐका.

तिथे गावोगावची छोटी टपाल कार्यालयं उपपोस्टमास्तर चालवतात, बऱ्याचदा आपल्या दुकानाच्याच एका भागात. 1999 पासून तिथे होरायझन नावाची संगणकीय हिशोब यंत्रणा बसवली गेली. थोड्याच दिवसांत काही ठिकाणी हिशोबात तूट दिसू लागली. करारानुसार तूट उपपोस्टमास्तरने भरायची. लोकांनी साठवलेले पैसे भरले, घरं गहाण टाकली. मदतीसाठी फोन केला, तर अनेकांना उत्तर मिळालं, की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय.

1999 ते 2015 या काळात 900हून अधिक लोकांना चोरी, खोटे हिशोब, फसवणूक अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. बहुतेक खटले खुद्द पोस्ट ऑफिसने चालवले. माणसं तुरुंगात गेली, दिवाळखोर झाली, गावातून उठली. काहींच्या मृत्यूचा संबंध या प्रकरणाशी जोडला गेला. 555 जणांनी मिळून दावा लावला तेव्हा कुठे 2019 साली न्यायालयाने म्हटलं, की यंत्रणेत दोष होते. 2021 मध्ये अपील न्यायालयाने 39 जणांची शिक्षा एकाच दिवशी रद्द केली, आणि 2024 मध्ये तर संसदेला कायदा करून उरलेल्यांना निर्दोष ठरवावं लागलं.

सॉफ्टवेअरमध्ये दोष असणं ही नवलाची गोष्ट नाही. नवल हे, की इतकी वर्षं वरच्या माणसांनी ते शिकून घेतलं नाही. हे समजायला ख्रिस आर्जिरिस यांची एक कल्पना उपयोगी पडते. ते थर्मोस्टॅटचं उदाहरण देत. खोली थंड झाली की तो हीटर चालू करतो, हे शिकण्याचं एकच वेटोळं. पण "मुळात एवढंच तापमान का ठेवलंय?" हा प्रश्न थर्मोस्टॅटला पडत नाही. तो पडला, तर दुसरं वेटोळं सुरू होतं.

पोस्ट ऑफिसचं पहिलं वेटोळं व्यवस्थित चालू होतं. तूट दिसली की वसुली, नाहीतर खटला. शिवाय प्रत्येक शिक्षेबरोबर "यंत्रणा बरोबर आहे" या समजाला आणखी एक पुरावा मिळत गेला. इतक्या वर्षांचे प्रामाणिक लोक एकदम चोर कसे झाले, हा दुसऱ्या वेटोळ्याचा प्रश्न. तो विचारायला कोडिंग यावं लागत नाही.

आर्जिरिस यांनी 1991च्या एका लेखात असंही म्हटलं होतं, की हुशार, यशस्वी माणसांना शिकवणं सगळ्यात अवघड. ती क्वचित अपयशी होतात, त्यामुळे अपयशातून शिकायची त्यांना सवयच नसते. काही चुकलं, की दोष बाहेर शोधतात.

चावडीवरचा सातबारा

आता आपल्याकडचं एक उदाहरण. राज्यात सातबारा संगणकावर आणताना हाच प्रश्न उभा राहिला. हस्तलिखित उताऱ्यावर एक आणि संगणकावर दुसरंच. नावात चूक, क्षेत्रात चूक, इतर हक्कातली नोंद गळलेली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही टायपिंगची चूक नसते. त्यावर त्याचं पीककर्ज अडतं, वाटणी अडते, खरेदीखत अडतं.

2017 साली महसूल विभागाने चावडी वाचनाची मोहीम घेतली. संगणकातला सातबारा गावात चावडीवर वाचून दाखवायचा, लोकांनी चूक सांगायची, मग मूळ अभिलेखाशी ताडून दुरुस्ती. लेखनातल्या चुका दुरुस्त करायची सोय जमीन महसूल संहितेच्या कलम 155 मध्ये आहेच. पुढे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला.

सगळ्या चुका निघाल्या, असं मी म्हणत नाही. तहसीलमध्ये दुरुस्तीच्या अर्जासाठी हेलपाटे घातलेले वाचक हसतीलच. मला मांडणी महत्त्वाची वाटते. मशीनमध्ये चूक असू शकते, हे इथे आधीच गृहीत धरलं होतं आणि ती शोधायचं काम ज्याची जमीन आहे त्याच्याकडे दिलं होतं. होरायझनमध्ये उलट झालं. तिथे मशीन बरोबर हे गृहीत होतं आणि आपण निर्दोष आहोत हे माणसाने सिद्ध करायचं होतं. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने दोन्ही यंत्रणा फार वेगळ्या आहेत, पण नेतृत्वाचा निर्णय एकाच जागी आहे: चुकीची बातमी कुठून येणार आणि आली तर तिचं काय करायचं?

मग भाऊसाहेबांनी काय करावं?

तुम्ही मुख्याध्यापक असाल, बँकेचे शाखाधिकारी असाल, दवाखान्यात नवं सॉफ्टवेअर आणणारे डॉक्टर असाल, तर या अभ्यासांतून पाच प्रश्न घेऊन जा.

1. या बदलाने कुणाचं काम, कुणाचं वजन, कुणाची मोकळीक बदलणार आहे? नावं घेऊन यादी करा. त्या यादीतली माणसं पहिल्या बैठकीत हवीत.

2. शिकायला वेळ कुठून येणार? "जमेल तसं शिका" म्हणजे शिकू नका. आठवड्यातले दोन तास कामाचे तास म्हणून मोजा.

3. चुकलं तर चालेल अशी जागा कुठे आहे? खऱ्या खात्यांवर जाण्याआधी खोट्या खात्यांवर सराव करा. वही आणि मशीन शेजारी शेजारी चालवायचं असेल, तर किती महिने, आणि दोघांत फरक पडला तर कोण तपासणार, हे आधी ठरवा. नाहीतर दुहेरी काम कायमचं गळ्यात पडतं.

4. गेल्या महिन्यात मला वाईट बातमी कुणी दिली? उत्तर "कुणीच नाही" असेल, तर सगळं छान चाललंय असं समजू नका. पुढच्या बैठकीत सगळ्यात कनिष्ठ माणसाला आधी बोलू द्या. आणि त्याने चूक दाखवली, तर पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" हे असू द्या. बाकीचे ते वाक्य ऐकत असतात.

5. एकच तक्रार तीन ठिकाणांहून आली, तर मी काय समजणार? तीन माणसं नालायक आहेत असं, की एक यंत्रणा तपासायला हवी असं?

या संशोधनाच्या मर्यादा

शेवटी थोडं सावधपण. सोळा रुग्णालयांचा अभ्यास मुलाखती आणि निरीक्षणांवर आधारलेला आहे. सर्जनच्या वागण्यामुळेच यश आलं, की जिथे आधीच माणसांत सलोखा होता तिथे सर्जनला असं वागणं सोपं गेलं, हे पूर्ण वेगळं काढता येत नाही. शिवाय ते गट छोटे होते, एका खोलीत काम करणारे. पाच शाखांच्या पतसंस्थेत किंवा पंचेचाळीस गावांच्या तालुक्यात नेत्याला प्रत्येकाच्या शेजारी उभं राहता येत नाही. तिथे वाईट बातमी वर पोहोचायची वाट कशी बांधायची, याची उत्तरं त्या थिएटरमध्ये मिळत नाहीत. माझ्या पीएचडीचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

"साहेबांना कॉम्प्युटर शिकवायचा का?" यावर माझं उत्तर असं: जरूर शिकवा, त्याला दोन दिवस पुरतात. काउंटरवरच्या मुलीचं ऐकायला शिकणं मात्र वर्षभर चालतं, आणि ते तिच्याच काउंटरशेजारी उभं राहून शिकावं लागतं.